नवरा आणायचाय? आधी पगाराच्या स्लिपा काढा

हल्ली मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "यूकेच्या स्पाऊस व्हिसाला काय काय लागतं गं", आणि विचारणारी व्यक्ती बहुतेक वेळा लग्नाचा अल्बम, हळदीचे व्हिडिओ, मेहंदीचे फोटो असं सगळं गोळा करून तयारच असते. ते लागतंच, नाही असं नाही. पण मी पहिलं विचारते की जो इथे आहे त्याचा किंवा तिचा पगार किती, आणि गेले सहा महिने तेवढाच आहे का? लगेच उत्तर येत नाही. कारण आपल्या डोक्यात असं असतं की लग्न खरं आहे ना, मग झालं. लग्न खरं असायलाच पाहिजे, पण बहुतेकांचं घोडं अडतं ते पैशांपाशी, आणि खरं सांगायचं तर पैशांपाशीसुद्धा नाही, पैशांच्या कागदांपाशी.

मी मिल्टन कीन्सला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, मला आयएलआर म्हणजे इथली कायमची परवानगी मिळालेली, आणि नवरा शिरोळ तालुक्यातला. म्हणजे आमच्यात बायको स्पॉन्सर (इथून बोलावणारी) आणि नवरा अर्जदार. गावात हे सांगताना जरा वेळ लागतो लोकांना.

आधी एक घोळ मिटवूया. "डिपेंडंट व्हिसा" आणि "स्पाऊस व्हिसा" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर लोक दोन्हीची माहिती एकत्र कालवून फॉरवर्ड करत असतात. तुमचा नवरा किंवा बायको इथे स्किल्ड वर्कर व्हिसावर असेल, म्हणजे पुण्याहून आयटीवाल्या कंपनीनं पाठवलंय वगैरे, तर तुम्ही त्याचे डिपेंडंट, आणि तिथे मी खाली लिहितेय ती २९,००० पौंडांची भानगड नाही. (पण केअर वर्कर म्हणून ११ मार्च २०२४ पासून नव्याने आलेल्यांना डिपेंडंट आणताच येत नाही, हे एजंट लोक सांगत नाहीत.) पण इथली व्यक्ती ब्रिटिश नागरिक असेल किंवा आयएलआरवाली असेल, तर मात्र तो स्पाऊस व्हिसा, आणि त्याला इमिग्रेशनच्या नियमावलीतलं अपेंडिक्स एफएम नावाचं प्रकरण लागू होतं. गंमत बघा, म्हणजे जो तात्पुरता आलाय त्याचं सोपं आणि जो कायमचा झालाय त्याचं अवघड.

तर पैसे. २०१२ च्या जुलैपासून वर्षाला १८,६०० पौंड पगार लागायचा. ११ एप्रिल २०२४ ला तो एका झटक्यात २९,००० झाला. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाच्या सरकारनं जाहीर केलं होतं की हळूहळू ३८,७०० पर्यंत नेणार, मग निवडणूक झाली, सरकार बदललं, नव्या सरकारनं ते थांबवलं आणि मायग्रेशन ॲडव्हायझरी कमिटीला, म्हणजे सरकारला इमिग्रेशनवर सल्ला देणाऱ्या समितीला, बघायला सांगितलं. कमिटीनं जून २०२५ मध्ये अहवाल दिला आणि ३८,७०० चा आकडा नको असंच म्हटलं. पण अहवाल आला म्हणून नियम बदलला असं होत नाही, आकडा २९,०००च राहिला.

आता २९,००० म्हणजे काय ते बघा. एप्रिल २०२५ ला इथला किमान पगार झाला तासाला १२.२१ पौंड. आठवड्याचे चाळीस तास, वर्षाचे बावन्न आठवडे, सगळं धरून २५,३९७ पौंड झाले. म्हणजे गोडाऊनमध्ये, दुकानात, हॉटेलच्या किचनमध्ये पूर्ण वेळ राबणारा माणूस बायको आणू शकत नाही, त्या दरानं त्याला आठवड्याला जवळपास शेहेचाळीस तास काम दाखवावं लागायचं. आणि फक्त गोडाऊनवाल्यांचंच नाही हं, आमच्याकडे एनएचएसमध्ये (इथली सरकारी आरोग्यसेवा) बँड ५ ला, म्हणजे जिथे नवीन नर्स लागतात तिथे, २०२३-२४ ला सुरुवातीचा पगार होता २८,४०७. एप्रिल २०२४ मध्ये नियम आला तेव्हा नवीन नर्सचा पगारसुद्धा कमी पडत होता! नंतर पगारवाढ आली आणि तो २९,९७० झाला म्हणून वाचल्या.

बरं, पगार २९,००० च्या वर गेला म्हणजे लगेच अर्ज, असंही नाही. पगारी नोकरी असेल तर मागच्या सहा महिन्यांत जो सगळ्यात कमी पगार होता तो धरतात. समजा तुमचा पगार २८,५०० होता आणि गेल्या महिन्यात ३०,००० झाला, तर पेढे वाटा पण अर्ज करू नका, त्या वाढलेल्या पगाराच्या सहा स्लिपा होऊ द्या. नोकरी बदलली असेल आणि नव्या ठिकाणी सहा महिने झाले नसतील तर हिशोब वेगळा, मागच्या बारा महिन्यांची कमाईसुद्धा दाखवावी लागते. टॅक्स कापायच्या आधीचा आकडा धरतात, एवढी एक गोष्ट आपल्या बाजूची.

आणि स्लिप नुसती असून भागत नाही, त्या प्रत्येक स्लिपेवरचा हातात आलेला आकडा बँकेच्या स्टेटमेंटमध्ये त्याच महिन्यात जमा झालेला दिसला पाहिजे. मी सहा स्लिपा आणि सहा महिन्यांचं स्टेटमेंट शेजारी शेजारी ठेवून पिवळ्या हायलायटरनं एकेक ओळ रंगवत बसले होते, पैशासकट जुळतंय का बघत. त्याशिवाय कंपनीचं पत्र लागतं, त्यात तुम्ही कधीपासून कामाला आहात, हा पगार कधीपासून आहे, नोकरी पक्की की करारावरची आणि दिलेल्या स्लिपा खऱ्या आहेत हे सगळं लिहिलेलं पाहिजे. एचआरवाले दोन ओळींचं छापील पत्र देतात, "ही बाई आमच्याकडे काम करते", ते चालत नाही, त्यांना मुद्दे लिहून द्या. आणि हे पैशांचे कागद अर्जाच्या तारखेच्या २८ दिवसांच्या आतले हवेत, नाहीतर दिवाळीत काढलेलं स्टेटमेंट संक्रांतीला लावतात लोक.

आता येऊया सासऱ्यांकडे. आमचे आबा साधे आणि रोखठोक, त्यांना मी हे २९,००० चं सांगितलं तर म्हणाले, "अगं मग त्यांना सांग की आमचा ऊस आहे, सातबारा पाठवतो, पोराला काही कमी नाही." आबांचं म्हणणं आपल्या हिशोबानं शंभर टक्के बरोबर. पण इथल्या हिशोबात अर्जदाराची भारतातली नोकरी, धंदा, ऊस, कारखान्याचं बिल यातलं काही धरत नाहीत, कारण तो इथे आला की ती कमाई थांबणार असं यांचं गृहीतक. तुमचा नवरा बंगलोरला महिन्याला तीन लाख कमवत असला तरी त्या तीन लाखांची किंमत इथे शून्य. भाऊ, मेहुणा, सासरा "आम्ही सांभाळू" असं स्टॅम्प पेपरवर लिहून देत असतील तरी ते साधारणपणे धरत नाहीत, अगदी अपवादात्मक परिस्थिती सोडून. सोनं नाही धरत. राहतं घर नाही धरत.

काय धरतात? घर भाड्यानं दिलं असेल आणि ते दोघांपैकी कोणाच्या नावावर असेल, तर ते भाडं धरतात, भारतातलं असलं तरी. फक्त भाडेकरार, मालकीचे कागद आणि बँकेत जमा होणारं भाडं, तिन्ही पाहिजे. रोखीनं भाडं घेणाऱ्यांनो, तुमचं तुम्ही बघा. आणि बचत धरतात. पण नुसत्या बचतीवर जायचं तर ८८,५०० पौंड लागतात, म्हणजे आपले एक कोटीच्या घरात, आणि तेही सहा महिने खात्यात बसलेले. हा आकडा कुठून आला विचाराल तर आधी १६,००० सोडून द्यायचे, मग २९,००० च्या अडीचपट. एफडी चालते, मोडायला दंड लागला तरी हरकत नाही, पण पाहिजे तेव्हा मोडता आली पाहिजे आणि ती तुमच्या दोघांच्याच ताब्यात पाहिजे, वडिलांच्या नावावरची नाही.

मला यातली खरी चीड कशाची येते सांगू? लग्न खरं आहे का हे बघायला माझी हरकत नाही, खोटी लग्नं होतात हे मान्य. पण पगारावरून कोणाचं लग्न किती खरं ते ठरत नाही ना. ही गोष्ट आजची नाही म्हणा. १९७९ मध्ये एका भारतीय शिक्षिकेची, लग्न करायला म्हणून आलेली ती, हीथ्रो विमानतळावर कौमार्य तपासणी केली होती, पेपरात आलं तेव्हा गदारोळ झाला आणि मग ते बंद झालं. ऐंशीच्या दशकात "प्रायमरी पर्पज" नावाचा नियम होता, म्हणजे अर्जदारानं सिद्ध करायचं की मी या बाईशी लग्न मुळात इंग्लंडला यायला म्हणून केलेलं नाही. आता हे कोण आणि कसं सिद्ध करणार? त्यात जास्त अडकायचे ते भारत, पाकिस्तान, बांगलादेशातले नवरेच. १९९७ मध्ये तो नियम गेला. आणि माझ्यासारखीला सगळ्यात आवडलेला, म्हणजे संताप आलेला किस्सा १९८५ चा. तेव्हा इथे स्थायिक असलेला पुरुष बायको सहज आणू शकायचा पण बाईला नवरा आणणं कठीण. तीन बायका स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार कोर्टात गेल्या आणि बाई-पुरुष भेदभाव आहे म्हणून जिंकल्या. मग सरकारनं काय करावं? बायकांचं सोपं करायच्या ऐवजी पुरुषांचंही कडक केलं. झाली समानता!

२०१७ मध्ये या कमाईच्या अटीवर पण इथल्या सुप्रीम कोर्टात निकाल आला, अट मुळात बेकायदा नाही असं कोर्टानं म्हटलं, पण मुलांच्या हिताचा विचार नियमात नीट केलेला नाही असंही सुनावलं. म्हणून अट आहे तशी आहे.

गोव्याच्या लोकांचं तर वेगळंच झालंय. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेले, त्यांची मुलं, नातवंडं यांना लिस्बनला जन्मनोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट मिळतो, आणि तो पासपोर्ट घेऊन हजारो जण इथे आले, स्विंडनला तर गोंयकारांची मोठी वस्ती आहे. ब्रेक्झिटच्या आधी हे सगळे युरोपियन नागरिक, त्यामुळे त्यांना ना पगाराची अट, ना इंग्लिशची परीक्षा, फॅमिली परमिटला, म्हणजे घरच्यांना आणायच्या परवान्याला, फी पण नाही. शेजारच्या घरातला जन्मानं ब्रिटिश असलेला माणूस मडगावची बायको आणायला स्लिपा जमवत बसलाय आणि हा पोर्तुगीज पासपोर्टवाला फुकटात बायको आणतोय, असं चालायचं. ३१ डिसेंबर २०२० ला ते दार बंद झालं. त्याआधीचं नातं असेल आणि इथल्या माणसाकडे सेटलमेंट स्कीमचं (ब्रेक्झिटआधी आलेल्या युरोपियन नागरिकांना इथे राहू देणारी योजना) स्टेटस असेल तर अजून जुन्या वाटेनं येता येतं. त्यानंतर जुळलेलं लग्न असेल तर त्यालाही तेच २९,०००. माझी एक मैत्रीण आहे स्विंडनची, तिच्या दोन भावांत हेच झालं, मोठ्याचं लग्न २०१९ चं आणि धाकट्याचं २०२२ चं, दोघं एकाच गोडाऊनमध्ये एकाच पगारावर, एकाची बायको इथे आणि दुसऱ्याची म्हापशाला. त्या घरात जेवायला बसलं की हा विषय काढायचा नाही असं ठरलंय.

इंग्लिशचं फार काही नाही, उगाच घाबरतात लोक. ए१ म्हणजे सगळ्यात खालची लेव्हल, फक्त बोलणं आणि ऐकणं. आयईएल्टीएस लाइफ स्किल्स ए१ म्हणून परीक्षा असते, समोर परीक्षक आणि बाजूला अजून एक परीक्षार्थी, त्याच्याशी पण बोलायचं, वीसेक मिनिटांत विषय संपतो, पास किंवा नापास एवढंच. नेहमीची आयईएल्टीएस चालत नाही, यूकेव्हीआयसाठीची (इथलं व्हिसा खातं), मान्यता असलेल्या सेंटरलाच द्यायची. डिग्री इंग्लिशमधून झाली असेल तर एक्टिस नावाच्या संस्थेकडून ती तपासून घेता येते, मग परीक्षा नको. पुढे अडीचेक वर्षांनी व्हिसा वाढवताना ए२ आणि कायमचं होताना बी१ लागतं, ते तेव्हा बघू.

टीबीची टेस्ट होम ऑफिसच्या, म्हणजे इथल्या गृहखात्याच्या, यादीतल्या सेंटरलाच करायची, छातीचा एक्सरे, दाखला सहा महिने चालतो. गावातल्या डॉक्टरचा रिपोर्ट, कितीही मोठा डॉक्टर असला तरी, उपयोगाचा नाही. घराचं असं की गर्दी होता कामा नये, पण अख्खं घर तुमचं पाहिजे असं नाही, शेअरिंगच्या घरात एक बेडरूम फक्त तुमच्या दोघांची असेल तरी चालतं, घरमालकाचं पत्र घ्या.

आता लग्नाच्या कागदांकडे, कारण इथे आपल्याकडचे लोक स्वतःच्या पायावर धोंडा मारतात. लग्नाचं सर्टिफिकेट पाहिजे, नुसती पत्रिका आणि हॉलची पावती नाही. आमचं ग्रामपंचायतीत झालं. तीन साक्षीदार, भटजींची सही, पत्रिका, आधार, फोटो, सगळं दिलं आणि भाऊसाहेबांनी सर्टिफिकेट दिलं त्यात इंग्लिशमध्ये माझ्या नावात एक ए जास्त आणि नवऱ्याच्या वडिलांचं नाव आधारला एक, पासपोर्टला दुसरं. "ताई, एवढ्यानं काय होतंय, मराठीत बरोबर आहे की." भाऊसाहेब, मराठी वाचणारा तिकडे कोणी नाही हो! बदलून घेतलंच. तिथेच उभं राहून पासपोर्ट हातात धरून अक्षर न् अक्षर वाचा, लाजू नका. आणि मुलींनो, लग्न झालं की लगेच सगळीकडे नाव बदलायच्या मागे लागू नका, डिग्री एका नावाची, पासपोर्ट दुसऱ्या, बँक तिसऱ्या, मग प्रत्येकासाठी खुलासा लिहीत बसावं लागतं. व्हिसा होऊ दे, मग हवं तर बदला.

मराठीतला प्रत्येक कागद भाषांतर करूनच लावायचा, भाषांतर करणाऱ्याचं नाव, सही, तारीख, संपर्क आणि "हे बरोबर आहे" असं त्याचं लेखी, एवढं पाहिजे. पत्रिका लावणार असाल तर ती पण. आमच्या पत्रिकेत निमंत्रक म्हणून आख्खी भावकी छापलेली, भाषांतरकार शब्दावर पैसे घेणारा, तेव्हा मी पत्रिकाच काढून टाकली. चॅटचं पण तेच, मराठीतले चॅट पानंच्या पानं लावाल तर भाषांतराचा खर्च बघून चक्कर येईल. त्यापेक्षा दर महिन्याचं थोडं थोडं आणि बाकी व्हिडिओ कॉलच्या नोंदी, त्यांना भाषांतर लागत नाही. विमानाची तिकिटं, एकत्र काढलेले फोटो, तेही हजार नकोत, दोन्हीकडचे आईवडील दिसतील असे निवडक. सगळे फेटे घातलेले पन्नास पुरुष एका फ्रेममध्ये, त्यात नवरा कुठला हे ऑफिसर शोधत बसणार नाही.

फॉर्ममध्ये तारखा विचारतात. पहिल्यांदा कधी भेटलात, नातं कधी सुरू झालं, शेवटचं कधी भेटलात. अरेंज्ड मॅरेजवाले इथे अडखळतात, कांदेपोहे झाले ती तारीख की होकार कळवला ती की साखरपुड्याची? कुठलीही एक धरा जी तुम्हाला पटते, पण ती फॉर्ममध्ये, स्पॉन्सरच्या पत्रात आणि फोटोखाली एकच राहू द्या. प्रत्यक्ष भेटलेलं असणं मात्र सक्तीचं आहे, नुसत्या व्हिडिओ कॉलवर ठरलेलं चालत नाही.

खर्च ऐकून घ्या. एप्रिल २०२५ ला यूकेबाहेरून अर्ज करायची फी झाली १,९३८ पौंड, आणि हेल्थ सरचार्ज, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी आधीच भरायचे पैसे, वर्षाला १,०३५. व्हिसा मिळतो दोन वर्षं नऊ महिन्यांचा पण सरचार्ज तीन वर्षांचा घेतात, म्हणजे ३,१०५. तेव्हाच्या दरानं दोन्ही मिळून ५,०४३ पौंड, आपले साडेपाच-सहा लाख, अजून टेस्ट, परीक्षा, भाषांतर वेगळं. नाकारला तर सरचार्ज परत येतो, फी गेली ती गेली. मग बाहेरून अर्ज केलेल्यांना अपील करायला २८ दिवस असतात, आणि अपील म्हणजे महिनोन्महिने, त्यापेक्षा जे कागद कमी पडले ते पुरे करून नवा अर्ज टाकणं कित्येकदा लवकर होतं. किती दिवसांत निकाल लागतो तर साधारण १२ आठवडे असं ते स्वतः सांगतात. व्हिसा आला की काम करायला पूर्ण मोकळीक, सरकारी भत्ते मात्र नाहीत.

टुरिस्ट व्हिसावर येऊन इथेच बदलून घेता येतो का, हे पण सारखं विचारतात. नाही येत. कोल्हापुरातल्या एका एजंटनं आमच्या ओळखीतल्या मुलीला हेच करायला सांगितलं होतं, वर "सगळे असंच करतात" आणि त्याचे साठ हजार. ती आली, सहा महिने राहिली, परत गेली आणि मग पहिल्यापासून सगळं, साठ हजार अर्थातच परत नाहीत. इथे यूकेत तर नोंदणी नसताना धंदा म्हणून इमिग्रेशनचा सल्ला देणं गुन्हा आहे, १९९९ च्या कायद्यानं, आणि नोंदणी असलेल्यांची यादी सरकारी वेबसाइटवर बघता येते. केस गुंतागुंतीची असेल, आधी नकार आलेला असेल, धंदा स्वतःचा असेल, तर अशा माणसाकडे जा आणि त्याचे पैसे द्या.

मी वकील नाही, लॅबवाली आहे. तेव्हा "ताई, आमचं होईल का" असं मला विचारू नका, ते मी सांगू शकत नाही. कुठला कागद कसा मिळवला, ग्रामपंचायतीत काय बोलायचं, एचआरच्या पत्रात काय काय लिहून घ्यायचं, हे विचारा, ते सगळं सांगते.